हिरवा ठिपका कुणाच्या घरावर?

रात्रपाळी करून घरी आलो तर दाराच्या फटीत एक गुळगुळीत कागद खोचलेला. वर बाबासाहेब, मध्ये निळा झेंडा, खाली उमेदवार हात जोडून. उमेदवार आमच्यातलाच. शाळेत माझ्या बाकावर बसायचा. तो पास होत गेला, मी दहावीला आपटलो आणि सूतगिरणीत गेलो. महापौरपदाची चिठ्ठी आपल्या नावानं निघाली तर हाच खुर्चीत बसणार म्हणतात, म्हणून कागदावर आत्तापासूनच महापौराचा तोरा. 'शहर पुन्हा उभं करण्यासाठी माझे अग्रक्रम.' एक ते नऊ. पहिल्या नंबरला नदीघाटाचं सुशोभीकरण. दुसऱ्याला जॉगिंग ट्रॅक. तिसऱ्याला बाजारपेठेचं पुनरुज्जीवन. आमची वस्ती २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेच्या पोटात गेली, २०२१ च्या जुलैत परत गेली. ती नवव्या नंबरला. 'नदीकाठच्या वस्त्यांचा सहानुभूतीपूर्वक विचार.'

च्यायला, विचार! नऊ नंबरला येईपर्यंत शाई संपली असेल.

दोस्तांनो, ह्या कागदावर मी बोलणारच आहे. पण आधी तुम्हाला एका लांबच्या शहरात नेतो. मी रिंगखात्यात काम करतो, तुटलेला धागा सांधतो. इंग्रजी कुठल्या मास्तरानं शिकवलं नाही. डिक्शनरी शेजारी ठेवून मोबाईलवर एकेक ओळ उकलत गेलो. असंच उकलताना न्यू ऑर्लीन्स सापडलं. अमेरिकेतलं काळ्यांचं शहर. २००५ साली शंभरातली सदुसष्ट माणसं तिथं काळी होती.

त्या शहराचं आणि आपलं नातं नवं नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डुबॉइसला पत्र लिहिलं होतं, काळ्यांनी युनोकडं दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती ब्लॅक पँथरचं नाव उचलून. आणि त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७० साली, न्यू ऑर्लीन्सच्या डिझायर नावाच्या सरकारी वसाहतीत ब्लॅक पँथरवाल्यांना पकडायला पोलीस फौजफाटा घेऊन आले, तेव्हा वसाहतीतली बायापोरं मध्ये उभी राहिली. पोलिसांना त्या दिवशी परत जावं लागलं. वसाहत म्हणजे नुसत्या चार भिंती नसतात हे सत्तेला कळतं. आपल्यालाच कळत नाही कधीकधी.

२९ ऑगस्ट २००५ ला कॅट्रिना वादळ आलं. पण शहर वादळानं बुडालं नाही. बुडालं ते सरकारी लष्करी इंजिनिअरांनी बांधलेल्या कालव्यांच्या भिंती फुटल्या म्हणून. ऐंशी टक्के शहर पाण्याखाली गेलं. ज्याच्याकडं गाडी होती तो आधीच निघून गेला होता. ज्याच्याकडं नव्हती तो छपरावर चढला, नाहीतर सुपरडोम नावाच्या स्टेडियममध्ये कोंबला गेला. हजारावर माणसं मेली. शहरातून पायी बाहेर पडणाऱ्या लोकांना पलीकडच्या ग्रेटना गावाच्या पोलिसांनी पुलावर बंदुका घेऊन अडवलं. गावकुसाबाहेर ठेवायची अक्कल काय फक्त आपल्याकडंच आहे असं समजू नका.

पाणी जात बघत नाही, असं आपल्याकडचे शहाणे पेपरात लिहितात. पाणी नसेल बघत. बांध घालणारा बघतो.

तर आता मुद्द्याचं. पाणी उपसल्यावर शहर पुन्हा उभं करायचं ठरलं. महापौर होता रे नेगिन. काळा माणूस, केबल टीव्ही कंपनीतला मोठा अधिकारी, २००२ साली निवडून आलेला. त्यानं एक कमिशन नेमलं. त्या कमिशनमध्ये जमिनीचा आराखडा करायचं काम कुणाकडं? जोसेफ कॅनिझारो नावाच्या बिल्डरकडं. लांडग्याला शेळ्यांची शिरगणती दिली. जानेवारी २००६ मध्ये आराखडा बाहेर आला आणि तिथल्या मोठ्या पेपरानं नकाशा छापला. नकाशावर मोठाले हिरवे ठिपके. ठिपका म्हणजे पुढंमागं इथं बाग, मोकळी जागा. ज्या माणसाचं घर त्या ठिपक्याखाली होतं, तो त्या वेळी ह्यूस्टनमध्ये नाहीतर अटलांटात कुणाच्या तरी सोफ्यावर झोपत होता. त्याला आपल्या घराची बाग होणार हे पेपरात बघून कळलं. वर अट अशी, की चार महिन्यांत वस्तीनं सिद्ध करावं की पुरेशी माणसं परत येतील. तोवर बांधकामाच्या परवानग्या बंद ठेवा.

आता बघा गंमत. माणूस परत यायला घर पाहिजे. घर बांधायला परवानगी पाहिजे. आणि परवानगी कधी? तर माणूस परत आल्यावर. पंचनाम्याला आलेला साहेब आमच्या आईला असंच म्हणाला होता. घर तुमच्या नावावर असल्याचा कागद दाखवा. आई म्हणाली, साहेब, कागद पेटीत होता. मग पेटी दाखवा. पेटी नदीत गेली.

कुणी म्हणेल, सखल जागेत माणसं कशाला वसवायची, पुन्हा मरायला? हा प्रश्न खोटा नाही. मलाही पावसाळ्यात झोप लागत नाही. पण लेकव्ह्यू नावाची गोऱ्या बऱ्या घरच्यांची वस्तीही सखलच. तीही गळ्याएवढ्या पाण्यात बुडाली होती. ती उठून उभी राहिली. आणि काळ्या कामगारांचा लोअर नाइन्थ वॉर्ड, जिथं निम्म्याहून जास्त घरं राहणाऱ्यांच्या मालकीची होती, त्याचा नदीकडचा भाग तर समुद्रपातळीच्या वर होता. तो ओसाड पडला. म्हणजे प्रश्न जमिनीच्या उंचीचा नव्हता, तिथल्या माणसाच्या किमतीचा होता.

लोक भडकले. सभांमधून ओरडले. ब्रॉडमूरवाल्यांनी तर दारोदार माणसं शोधून वस्ती जागी केली. निवडणूक तोंडावर होती, म्हणून नेगिननं आराखड्यातून हळूच अंग काढून घेतलं. सगळ्या वस्त्या परत येतील म्हणाला. शहर चॉकलेटी राहणार, असं मार्टिन ल्यूथर किंगच्या दिवशी भाषणात ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. फेब्रुवारीतली निवडणूक पुढं ढकलून २२ एप्रिलला झाली. २२ उमेदवार. सगळ्यांचे अग्रक्रम तयार : बांध, कचरा, वीज, धंदा, पोलीस. कोणती वस्ती पहिली उभी राहणार आणि कोणती सोडून देणार, ह्या एकाच प्रश्नाला बड्या उमेदवारांनी बगल दिली. अगदी आमच्या कागदासारखी.

आणि मत द्यायचं कुणी? निम्मं शहर परगावी. लुइझियाना राज्यात ठिकठिकाणी मतदानाची सोय झाली, पण राज्याबाहेर एकही केंद्र नाही. पोस्टानं अर्ज करा नाहीतर बस धरून या. २००५ च्या जानेवारीत इराकची निवडणूक झाली तेव्हा अमेरिकेतल्या इराकी माणसांसाठी अमेरिकेच्या शहरांत केंद्रं उघडली होती. स्वतःच्या काळ्या नागरिकाला ह्यूस्टनमध्ये एक पेटी ठेवता आली नाही. लोक बस धरून आले. रात्रभर प्रवास करून आले. २० मेच्या दुसऱ्या फेरीत मिच लँड्रू नावाचा जुन्या महापौराचा गोरा मुलगा हरला. नेगिन जिंकला. काळ्यांची बहुतेक मतं त्यालाच. आपला माणूस!

इथं मला थांबायचंय, दोस्तांनो. आपला माणूस. ह्या दोन शब्दांवर आपण किती दिवे ओवाळलेत.

आपला माणूस खुर्चीत असताना काय झालं? राज्यानं शाळा ताब्यात घेतल्या, सात हजारांवर शिक्षक-कर्मचारी घरी बसवले, त्यात बहुसंख्य काळे. चॅरिटी नावाचं गरिबांचं मोठं हॉस्पिटल पुन्हा हॉस्पिटल म्हणून उघडलंच नाही. घर दुरुस्तीच्या सरकारी पैशाची योजना आली, तिचा हिशोब असा : पुराआधीची घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, ह्यातलं जे कमी ते धरायचं. काळ्यांच्या वस्तीत घराला किंमतच कमी. सिमेंट मात्र काळ्याला स्वस्त मिळत नाही. तेच घर, तेवढंच पाणी, पैसे कमी. २००८ साली लोक कोर्टात गेले, २०११ साली तडजोड झाली, तोवर कितीजणांनी परत यायचं सोडून दिलं होतं. आणि आज्याच्या नावावरचं घर नातवानं आपल्या नावावर करून घेतलं नसेल तर तेवढेही पैसे नाहीत. वाचताना मी डिक्शनरी मिटवली. हे मला डिक्शनरीशिवाय कळत होतं.

सगळ्यात घाण गोष्ट सरकारी वसाहतींची. चार मोठ्या वसाहती, साडेचार हजारांच्या आसपास घरं, विटांची, दणकट. पाणी ओसरल्यावर त्यांना लोखंडी दारं ठोकली. आतली माणसं परत येऊ नयेत म्हणून. २० डिसेंबर २००७ ला नगरपालिकेत पाडायचा ठराव आला. बाहेर रहिवासी ओरडतायत, पोलीस तोंडावर मिरपूड फवारतायत, विजेचे झटके देतायत. आत सात सभासद. सातही हात वर. काही काळे, काही गोरे, पण हात सात. आपल्यातल्या कुणी विरोधात एक तरी हात ठेवला असता! तसं झालं नाही.

२००० साली शहरात ४,८४,६७४ माणसं होती. २०१० साली ३,४३,८२९. काळी माणसं दहा वर्षांत सुमारे १ लाख १८ हजारांनी कमी झाली. नेगिन २०१४ साली कंत्राटदारांकडून लाच खाल्ली म्हणून दहा वर्षं शिक्षा घेऊन तुरुंगात गेला. खाल्लेल्यात पोरांच्या धंद्यासाठी फुकट ग्रॅनाइटसुद्धा होतं. गरिबाचं घर विटांचं पाडलं आणि स्वतःच्या घरात ग्रॅनाइट.

आमचा आजा मुंबईत गिरणीत होता. १९८२ च्या संपानंतर गावाकडं परतला तो कायमचा. त्यालाही सांगितलं होतं, गिरण्यांच्या जमिनीतून कामगारांना घरं मिळतील, मुंबई पुन्हा उभी राहील. १९९१ च्या नियमात जमिनीचे तीन वाटे होते, २००१ साली नियम बदलला आणि वाटे फक्त मोकळ्या जागेचे उरले. २००६ साली सुप्रीम कोर्टानंही ते मान्य केलं. मुंबई उभी राहिली की. चाळीस-पन्नास मजले उभी राहिली. आजा तिच्यात नव्हता, एवढंच.

म्हणून मी म्हणतो, उमेदवाराला पहिलं काम कोणतं करणार हे विचारूच नका. पहिला माणूस कोणता परत आणणार ते विचारा. कुठल्या गल्लीत, कुणाच्या नावाच्या कागदावर, किती पावसाळ्यांच्या आत. आपल्याकडं महापौराला नगरसेवक निवडतात, खरी सत्ता आयुक्ताच्या हातात, हे मलाही ठाऊक आहे. 'माझ्या हातात काय आहे' असं आमचा दोस्तही म्हणणारच. मग कागदावर नऊ नंबर कुणाच्या जोरावर छापले? आणि जी सत्ता घाट सजवायला पुरते ती वस्तीला पुरत नाही, असं कसं?

परवा चहाच्या टपरीवर गाठलं त्याला. म्हटलं, "दोस्ता, तुझे नऊ नंबर राहू देत. पूररेषेचा नकाशा घे आणि आमच्या आईचं घर त्यात कुठं आहे ते बोटानं दाखव. निळ्या रेषेच्या आत असेल तर आम्हाला कुठं नेणार तेही दाखव."

तो हसला. "अरे, राजकारणात सगळं असं उघड बोलता येत नसतं. तू कवी माणूस."

"कवी माणूस रविवारी विहारात असतो," मी म्हटलं. "ये."

"बघू."

नकाशा मी झेरॉक्स करून आणलाय. मोठा, चार कागद चिकटवून. रविवारी सकाळी दहाला विहारात वंदना झाली की सतरंजीवर पसरणार आहे. आईनं आत्ताच बोट ठेवून बघितलं, तिला घर सापडलं. पेन त्यानं आणायचंय.