क्लिपर कानानेही शिकूया!

क्लिपरचं प्रॅक्टिकल आठवतंय? ब्रेडबोर्डवर एक डायोड, एक रेझिस्टर. सीआरओवर साइन वेव्हचं डोकं उडालेलं दिसलं की ग्राफ पेपरवर उतरवायचं, सरांची सही घ्यायची आणि थेट कँटीन गाठायचं. जर्नल सबमिट, विषय संपला! पण हा डोकं उडालेला सिग्नल ऐकायला कसा लागतो, हे ना कुणी विचारत, ना कुणी सांगत.

गंमत म्हणजे हॉस्टेलवर रात्री जे रॉक आपण ऐकतो, त्यातल्या गिटारचा तो खरखरीत, भरलेला आवाज म्हणजे क्लिपिंगच. १९७८ साली आलेल्या बॉस डीएस-१ पेडलमध्ये सिग्नल आणि ग्राउंडच्या मध्ये दोन सिलिकॉन डायोड उलटसुलट बसवलेले आहेत. १९८१ च्या एसडी-१ मध्ये डायोड ऑप-अँपच्या फीडबॅकमध्ये गेले, आणि एका दिशेला एक तर दुसऱ्या दिशेला दोन झाले. वेव्हच्या दोन्ही बाजू सारख्या कापल्या की फक्त विषम हार्मोनिक्स वाढतात, कमी-जास्त कापल्या की समसुद्धा येतात. पेपरात हे दोन मार्कांचं वाक्य, कानाला मात्र दोन वेगळे स्वभाव!

आणि हे आपल्याला हवं तसं बदलताही येतं. गिटारचा पिकअप साधारण काहीशे मिलिव्होल्ट देतो, सिलिकॉन डायोडला ०.६ च्या आसपास व्होल्ट लागतात. म्हणून आधी ऑप-अँपने गेन द्या. पुढे १० किलोओहमचा रेझिस्टर, मग ग्राउंडकडे जाणारी डायोडची जोडी आणि तिच्या सिरीजमध्ये १० किलोओहमचं पॉट. पॉट शून्यावर असताना वेव्हचा माथा जवळजवळ सपाट. पूर्ण फिरवलं की ०.६ च्या वरचा भाग फक्त निम्मा होतो, म्हणजे २.६ व्होल्टचं पीक १.६ वर येतं. आवाज मऊ होतो. डायोडऐवजी लाल एलईडी लावल्या तर क्लिपिंग दीड व्होल्टच्या पुढे सुरू होतं. पण एक फसगत आहे. पातळी वाढली की आवाज मोठा होतो, आणि मोठा आवाज कानाला उगाच चांगला वाटतो. म्हणून शेवटी व्हॉल्यूम पॉट लावून, आवाज सारखा करूनच तुलना करा. हा धडा सीआरओ शिकवत नाही.

हे पाश्चात्त्यांचं वेड आहे असंही समजू नका. आपल्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावतात, ते काय आहे? घोडीच्या किंचित बाकदार पाठीवर तार टेकते-सुटते आणि सुताचा दोरा केसभर सरकवला की हार्मोनिक्सचा रंग बदलतो. तिथे डायोड नाही, पण युक्ती जवळची: तारेला एका बाजूने अडवायचं आणि किती, ते हाताने ठरवायचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तो कारागीर जवारी कानाने लावतो. आणि आपण इंजिनिअर लोक क्लिपर नुसता बघतो!

तुम्ही म्हणाल, सिलॅबसच पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवायचं? अहो, वेगळी टर्म नको, त्याच प्रॅक्टिकलची शेवटची पंधरा मिनिटं द्या. गॅदरिंगची गिटार कपाटातून काढा, ब्रेडबोर्डचा आउटपुट लॅबमधल्या छोट्या अँप्लिफायरला जोडा. आकृत्या रीडिंगसकट एकमेकांच्या उतरवता येतात, ऐकलेला फरक उतरवता येत नाही. ओरलला लगेच कळेल, कुणी पॉट फिरवलंय आणि कुणी नुसती सही घेतली आहे.

नाशिकच्या मिसळीत रस्सा वेगळा येतो, तिखट किती ते खाणारा ठरवतो. लॅबमध्येही एवढी मुभा मिळाली, तर क्लिपर परीक्षेनंतरही लक्षात राहील. हॉस्टेलवर प्रयोग करणार असाल तर मात्र हेडफोन लावा. नाहीतर रेक्टर सर आपलंच क्लिपिंग करतील!