विजेची मोटार आणि नाक्यावरची बस

विजेवर चालणारी मोटार घ्यावी कीं नाहीं, याची चर्चा सध्यां घरोघर चालू आहे. घेणें न घेणें हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न होय. परंतु सरकारनें तिला काय सवलत द्यावी, हा सर्वांच्याच खिशाचा प्रश्न आहे.

वस्तुतः आपल्या उपनगरांस विजेची गाडी नवी नाहीं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदराहून कुर्ल्यास पहिली विजेची आगगाडी गेली (आग गेली तरी नांव राहिलें!), आणि १९२८ च्या जानेवारींत तशीच गाडी बोरिवलीपर्यंत धावूं लागली. अंधेरी-बोरिवलीस काय किंवा घाटकोपर-मुलुंडास काय, आपलीं बिऱ्हाडें वाढलीं तीं या लोहमार्गांच्या भरंवशावर. पुढें ८ जून २०१४ रोजीं वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, आणि बसनें तासभर खाणारें अंतर वीसएक मिनिटांवर आलें.

खरी अडचण आहे ती घरापासून स्थानकापर्यंतची. गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंना आणि दप्तर वाहणाऱ्या नातीला नाक्यावरची बसच हवी असते. २०१९ च्या जुलैंत बेस्टनें किमान भाडें पांच रुपयांवर आणलें होतें; ९ मे २०२५ पासून तें दहा झालें. त्याच वर्षीं ऑगस्टांत शिवडीहून समुद्रावरून न्हावा-शेव्यास जाणाऱ्या अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ झाला! मोटारवाल्यास सूट आणि बसवाल्यास दुप्पट भाडें, हा हिशेब आम्हांस तरी उमगत नाहीं.

विजेच्या मोटारीस धूर नाहीं, हें मान्य. पण द्रुतगती मार्गावर ती जागा अडवते पेट्रोलच्या मोटारीइतकीच, आणि उरलेला दिवस दाराशीं उभी असते. बस दिवसभर राबते. तेव्हां बॅटरीवर सरकारी पैसा खर्चावयाचा तर तो बसच्याच बॅटरीवर खर्चावा. २०२३ पासून विजेच्या दुमजली बसगाड्या धावत आहेत, त्या वाढवाव्यात.

गृहिणींनीं एक बेरीज करून पाहावी. २०२५ च्या दरानें घरांतील तीन मोठीं माणसें दीड किलोमीटरावरील स्थानकास बसनें गेलीं तर साध्या बसचे तीस रुपये, रिक्षाचे सव्वीस. मग बसकरितां कोण ताटकळत उभें राहील? आणि तिघातिघांच्या रिक्षांनीं स्थानकाचा रस्ता तुंबला कीं त्यांतच अडकलेली बस आणखी उशिरा येते.