‘आता नवीनच घ्या’ या शहाणपणाविरुद्ध

जुन्या वस्तूविषयी बोलताना ‘यात पैसे घालू नका, आता नवीनच घ्या’ हे वाक्य आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे, की ते कोणाचे तरी मत आहे याचाच विसर पडावा. ते निसर्गनियमासारखे उच्चारले जाते. माझ्या घरच्या, २०१२ च्या सुमाराच्या संगणकात ग्राफिक्स कार्ड घालायचे म्हटल्यावर दुकानदाराने कॅबिनेट उघडूनही न पाहता तो नियम मला ऐकवला. संगणक कशासाठी हवा आहे, हे मात्र त्याने विचारले नाही.

कशासाठी हवा होता ते सांगतो. भाचीला ब्लेंडर या मोफत प्रणालीवर त्रिमित चित्रे काढायला शिकायचे होते. ब्लेंडरच्या ४.० या आवृत्तीपासून (२०२३) ओपनजीएल ४.३ चालणारे चित्रयंत्र अनिवार्य झाले. आमच्या तिसऱ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स विंडोजवर ४.० आणि लिनक्सवर ४.२ पर्यंतच जाते. म्हणजे यंत्र मंद होते म्हणून नव्हे, तर एक पायरी कमी पडते म्हणून दार बंद. चार गाभ्यांचा प्रोसेसर धडधाकट, रॅम पुरेशी, मदरबोर्डावर लांब खाच रिकामी. उणीव नेमकी एकच, आणि ती भरून काढण्याची जागा बनवणाऱ्यानेच ठेवलेली. अशा वेळी सगळे फेकून द्या असे सांगणारा माणूस सल्ला देत नसून विक्री करीत असतो.

या शहाणपणाचे लाडके अस्त्र म्हणजे ‘बॉटलनेक’ हा शब्द. जुना प्रोसेसर नव्या कार्डाचा गळा आवळतो, सबब कार्ड वाया जाते. शब्द खोटा नाही; तो अर्धवट आहे. कोणत्या कामात, हे सांगितल्यावाचून त्याला काही अर्थच उरत नाही. सेकंदाला दीडशे चौकटी मागणाऱ्या खेळात प्रोसेसर आधी थकेल, हे मान्य. पण ज्या कामाचा भार प्रामुख्याने कार्डावरच पडतो, तिथे जुना प्रोसेसर निमूटपणे बाजूला बसतो. शिवाय प्रत्येक यंत्रात कुठला ना कुठला भाग सर्वांत मंद असतोच, अगदी काल विकत घेतलेल्या यंत्रातही. ज्या तर्काने जगातले एकूण एक यंत्र मोडीत निघते, तो तर्क आपण एरवी हसून सोडून दिला असता.

ती रिकामी खाच कोठून आली, हेही आठवावे. १९८१ साली आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला तेव्हा त्यात विस्तारासाठी पाच खाचा होत्या, आणि त्याची मंडल-रेखाटने छापील तांत्रिक पुस्तिकेत कोणालाही वाचायला मिळत. परक्याने येऊन यात भर घालावी, हे त्या रचनेत गृहीत होते. पुढे २००३ च्या पीसीआय एक्सप्रेस मानकाने तीच रीत चालवली. दर पिढीला वेग दुप्पट झाला, तरी नवे कार्ड जुन्या खाचेत बसते आणि खाच त्याला ७५ वॅटपर्यंत वीज देते. २०१६ चे जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड त्या ७५ वॅटांतच भागते. त्याच्या बहुतेक प्रतींना वेगळी तारही लागत नाही. मी तेच जुन्या बाजारातून घेतले.

प्रतिपक्षाच्या बाजूने बोलण्यासारखे एकच आहे, आणि ते तो क्वचितच बोलतो: एसएमपीएस. स्वस्त एसएमपीएसवर छापलेले वॅट आणि तो खरोखर देऊ शकणारे वॅट यांत मोठे अंतर असू शकते, आणि दहा-बारा वर्षांत त्यातले कपॅसिटरही थकतात. कार्डाआधी तो बदलावा लागला तर बदलावा. ब्रँडेड संगणकांत कित्येकदा त्याचा आकार आणि जोडण्याही कंपनीच्या खास असतात, त्यामुळे बाजारातला साधा एसएमपीएस तिथे बसत नाही. ही अडचण यंत्राच्या वयातून आलेली नाही. ती आखून ठेवलेली आहे.

आणि अशी आखणी वाढते आहे. एएमडीने जानेवारी २०२२ मध्ये आणलेल्या आरएक्स ६५०० एक्सटी या स्वस्त कार्डाला सोळाऐवजी चारच मार्गिका दिल्या. नव्या, चौथ्या पिढीच्या खाचेत ते खपून गेले; तिसऱ्या पिढीच्या खाचेत देवाणघेवाणीचा वेग निम्मा झाला आणि चार जीबी स्मृती भरली की कार्ड अडखळू लागले. स्वस्त कार्ड घेणारा माणूस बहुधा जुन्या यंत्राचाच मालक असतो. फटका नेमका त्यालाच बसला. ॲपलच्या २०२३ च्या मॅक प्रोमध्ये तर खाचा होत्या, पण ग्राफिक्स कार्ड चालत नव्हते! माझ्या कार्डाच्या पिढीसाठी एनव्हिडियाने नव्या खेळांची ड्रायव्हर-सुधारणा ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवली. सुरक्षेपुरती डागडुजी ऑक्टोबर २०२८ पर्यंत चालेल. त्याच महिन्यात, १४ तारखेला, विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ काहीच नाही. यांतल्या एकाही निर्णयाने एकही ट्रान्झिस्टर झिजला नाही. तरीही आपण ‘संगणक जुना झाला’ असे अकर्मक क्रियापद वापरतो, जणू तो आपोआप झाला. करणाऱ्याला वाक्यातून गाळण्याची ही सोय आपणच करून दिली आहे.

माझा राग दुकानदारावर तितकासा नाही. त्याचे पोट विक्रीवर आहे. राग आहे तो आपल्या सुशिक्षित वर्गावर, जो पर्यावरणावर व्याख्याने ऐकतो आणि घरातला डबा एकदाही न उघडता भंगारात देतो. २०२२ च्या ई-कचरा नियमांचा भर उत्पादकावर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकण्यावर आहे, ते योग्यच. पण पुनर्चक्रण म्हणजे वस्तू मेल्यानंतरची व्यवस्था. ती मरू न देण्याची विद्या लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा तपकीर गल्लीतल्या एखाद्या कारागिराच्या हातात असते, आणि गिऱ्हाईकच विचारेनासे झाले तर ती विद्या तो कोणासाठी सांभाळील?

आमच्या कॅबिनेटमध्ये धूळ बोटभर होती. एसएमपीएस बदलला, भाचीनेच कार्ड खाचेत दाबून बसवले, मागच्या पट्टीचा स्क्रू आवळला. विंडोजच्या जागी लिनक्स आले. ब्लेंडर उघडले. सध्या ती एक तांब्या घडवते आहे. त्याचा काठ काही केल्या गोल येत नाही म्हणून तिची चिडचिड चालू आहे.