कॅसेट उतरवताना आधी आवाज लावा

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात माळ्यावर, ट्रंकेत, टीव्हीखालच्या कपाटात अजून व्हिडिओ कॅसेटी पडून आहेत. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यापायी देशभर पांगलेली मंडळी लग्नाला, यात्रेला गावी आली, तेव्हा केलेलं ते शूटिंग. दुष्काळी भागाच्या पाण्यासाठी १९९३ पासून भरलेल्या पाणी परिषदांचं चित्रण कुणाकडं असेल, तर त्याला आधी हात घाला. जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. आता जी काही मशिनं चालतात, ती जुनीच.

कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला दुकानात नेण्याआधी तिचं झाकण उचलून फीत बघा. पांढरी बुरशी दिसली तर ती मशिनमध्ये घालू देऊ नका; मशिनचा हेड खराब होतो आणि मागून येणाऱ्या चांगल्या कॅसेटीही बिघडतात. व्हीएचएसच्या पाठीवरची छोटी प्लास्टिकची पट्टी शाबूत असेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. मिनी डीव्हीला त्यासाठी सरकवायचं बटण असतं. वर्षानुवर्षं न लावलेली कॅसेट आधी टोकापर्यंत पुढं आणि परत मागं फिरवून घ्यावी, फीत सारखी ताणली जाते.

आता आवाज. लोक चित्राकडं बघतात आणि आवाज दुकानदारावर सोडतात, हे मला मुळीच पटत नाही. नवरीचा चेहरा फोटोतही सापडेल, आजीनं जात्यावर म्हटलेली ओवी कुठून आणणार?

उतरवायला सुरुवात करण्याआधी कॅसेटमधला सगळ्यात मोठा आवाज शोधायला सांगा. गजनृत्याचा ढोल, वरातीतला बँड, फटाके, जे असेल ते. तो वाजताना कॉम्प्युटरवरचा मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिला पाहिजे. टेपच्या मशिनवर काटा शून्याच्या जरा पुढं गेला तरी चालायचं. कॉम्प्युटरमध्ये शून्य म्हणजे छत. त्याला धडकलेला आवाज फाटतो आणि मग दुरुस्त होत नाही. बारीक उतरलेला आवाज मात्र नंतर वाढवता येतो. ढोल थांबल्यावर माणसांचं बोलणं क्षणभर दबलेलं वाटलं तर घाबरू नका, बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत आवाज आपोआप कमी-जास्त होण्याची सोय होती. अशा वेळी दुकानदाराला मध्येच बटणं फिरवू देऊ नका. मिनी डीव्ही फायरवायर केबलनं उतरवली तर लेव्हल लावायची गरजच नसते, आवाज आहे तसा येतो.

एक रोग आपल्याकडच्या लग्नाच्या कॅसेटींना जडलेला आहे: एडिटिंगवाल्यानं मंगलाष्टकांवरही सिनेमाची गाणी चढवलेली. हाय-फाय मशिनवर चित्रण झालं असेल आणि गाणी नंतर त्याच कॅसेटवर घातली असतील, तर फितीवर आवाजाचे दोन वेगळे मार्ग असतात आणि मूळ आवाज दुसऱ्या मार्गावर कधी कधी जिवंत सापडतो. मशिनचं बटण ‘नॉर्मल’वरून ‘हाय-फाय’वर नेऊन ऐकायला सांगा. आणि कॉपी करताना नव्यानं गाणी घालू नका, असं स्पष्ट बजावा.

पेनड्राइव्ह हातात आला की दुकानातच हेडफोन लावून सुरुवात, मधला भाग आणि शेवट ऐका. आवाज फाटला असेल तर तिथंच पुन्हा उतरवायला लावा. मूळ कॅसेट परत मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.