ताल हवा, तसे ताटही हवे

दिवाळीच्या सुट्टीत एक आई आपल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलीला पंधरावे सरून दोन महिने झालेले. हुशार, चुणचुणीत पोर. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिचे अंग वेतासारखे लवते हे कोणाच्या तरी नजरेस आले आणि गेली तीन वर्षे ती मोठ्या शहरात मावशीकडे राहून रिदमिक जिम्नॅस्टिक्स शिकते आहे. तक्रार एवढीच, की उजवी नडगी दीड महिन्यापासून दुखते. एक्स-रे काढला तर हाडाला बारीक तडा दिसला. पडल्याची किंवा मार लागल्याची काही हकिकत नाही.

मग मी नेहमीचे प्रश्न विचारले. पाळी? अजून आलेलीच नाही. जेवण? सकाळी एक पोळी, रात्री सूप आणि काकडी. "मॅडम रोज सगळ्यांसमोर वजन करतात, काका. पाव किलो वाढलं तरी बोलतात," मुलगी खाली मान घालून म्हणाली. पाळीबद्दल आईने विचारले होते, तेव्हा त्याच मॅडमनी सांगितले होते, "काळजी करू नका, खेळाडू मुलींना उशिराच येते."

मुलगी बाहेर गेल्यावर आईने विचारले, "डॉक्टरसाहेब, हा खेळच सोडवू का?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर चार वाक्यांत देण्यासारखे नाही. म्हणून आजचा लेख.

खेळ आहे तरी काय?

ज्यांनी हा खेळ दूरदर्शनवर पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तेरा मीटर लांब आणि तेवढाच रुंद गालिचा असतो. त्यावर एकटी मुलगी संगीताच्या तालावर सव्वा ते दीड मिनिट आपली कसरत सादर करते. हातात काहीतरी साधन असतेच. मोठे कडे म्हणजे हूप, चेंडू, हलक्या मुदगलांची जोडी किंवा सहा मीटर लांबीची सॅटिनची फीत. पूर्वी दोरीही असे. मोठ्या मुलींच्या वैयक्तिक स्पर्धेतून ती २०११ पासून गेली. दुसरा प्रकार पाच मुलींच्या संघाचा. उड्या, तोल, गिरक्या चालू असताना साधन वर फेकायचे, न पाहता झेलायचे आणि ताल चुकू द्यायचा नाही. आपल्याकडच्या लेझमीत हात, पाय आणि ताल यांची जी सांगड असते, तीच येथे फार अवघड करून मांडलेली असते. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ फक्त स्त्रियांचा आहे.

जन्म झाला तो आरोग्यासाठी

या खेळाचा इतिहास एका डॉक्टरला फार शिकवून जातो. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांतल्या स्त्रिया कॉर्सेट नावाची ताठ चोळी घालत. तिने पोट आणि बरगड्या इतक्या आवळल्या जात, की पुरता श्वास घेणे कठीण. बाईने घाम गाळणे अशोभनीय समजले जाई. आमच्या व्यवसायातले लोकही यात मागे नव्हते. बोस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ साली पुस्तक लिहून सांगितले, की मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर त्यांच्या जननेंद्रियांची वाढ बिघडते! डॉक्टर सांगतात ते सगळेच शास्त्र नसते, हे यावरून दिसावे.

पण त्याच काळात दुसरा प्रवाहही होता. स्वीडनचे पेर हेन्रिक लिंग यांना स्वतःला सांधेदुखीचा त्रास होता. तलवारबाजीच्या सरावाने हात सुधारला, तेव्हा त्यांनी व्यायामाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १८१३ साली स्टॉकहोममध्ये व्यायामशिक्षणाची संस्था काढली. त्यांनी व्यायामाचे चार भाग केले. शिक्षणासाठी, सैन्यासाठी, रोग बरे करण्यासाठी आणि चौथा, शरीराच्या हालचालीतून भाव प्रकट करण्यासाठी. या चौथ्या भागातच आजच्या खेळाचे बीज आहे. अमेरिकेत कॅथरीन बीचर या शिक्षिकेने १८५६ साली शाळांसाठी आणि घरांसाठी शरीरशास्त्र व व्यायाम यांचे पुस्तक लिहिले आणि मुलींना हलका, तालबद्ध व्यायाम दिलाच पाहिजे असा आग्रह धरला.

विसाव्या शतकाच्या आरंभी यात संगीत आले. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे एमिल झाक-दालक्रोझ हे संगीताचे शिक्षक होते. विद्यार्थ्यांना स्वर कळतात पण लय अंगात भिनत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी मुलांना बाकावरून उठवले आणि तालावर चालायला, हात हलवायला, थांबायला शिकवले. त्यांच्याकडे शिकलेल्या रुडॉल्फ बोडे यांनी १९११ साली म्युनिकमध्ये शाळा काढली. एकेक स्नायू वेगळा ताणण्यापेक्षा सगळे शरीर एकत्र आणि सहज हलावे, ताणल्यावर सैल सोडावे, ही त्यांची शिकवण. फिनलंडच्या एली ब्यर्कस्टेन यांनी लिंग यांची कवायतीसारखी ताठर पद्धत स्त्रियांसाठी मऊ आणि लयदार केली. नर्तिका इसाडोरा डंकन यांनी तर कॉर्सेट आणि बूट दोन्ही टाकून अनवाणी नाचून दाखवले. पुढे १९२९ साली हिनरिख मेडाऊ यांनी बर्लिनमध्ये शाळा काढली आणि चेंडू, कडे, मुदगल हातात देऊन मुलींची उभे राहण्याची ढब आणि श्वास सुधारण्याचे काम केले.

रशियात या कामाची वाट एका डॉक्टरनेच तयार केली होती. प्योत्र लेसगाफ्त हे शरीररचनाशास्त्राचे जाणकार. त्यांनी १८९६ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये स्त्रियांना व्यायामशिक्षिका बनवणारे वर्ग सुरू केले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेत १९३४ साली कलात्मक हालचालींचे वेगळे विद्यालय निघाले. नृत्य, संगीत आणि व्यायाम यांचा मेळ तेथे बसला.

म्हणजे पाहा, या व्यायामाच्या मुळाशी काय होते? मोकळा श्वास, ताठ कणा, आवळलेल्या शरीराची सुटका.

मग पदके आली

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघात या व्यायामाच्या स्पर्धा होऊ लागल्या. १९५२ च्या हेलसिंकी आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये हातात साधन घेऊन करायचा सांघिक प्रकार होता. पहिल्या वेळी स्वीडन आणि दुसऱ्या वेळी हंगेरी जिंकले. नंतर तो प्रकार बंद झाला आणि हा खेळ आपल्या स्वतंत्र वाटेने निघाला. १९६३ साली बुडापेस्टला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली व सोव्हिएत संघाची लुदमिला साविंकोवा पहिली आली. १९६७ साली कोपनहेगनला संघांचा प्रकार सुरू झाला. बल्गेरियाची मारिया गिगोवा १९६९, १९७१ आणि १९७३ अशी तीन वेळा जगज्जेती झाली. १९८४ साली लॉस एंजेलिसला हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला. सोव्हिएत संघ आणि बल्गेरिया यांनी त्या वर्षी बहिष्कार टाकला होता. सुवर्णपदक कॅनडाच्या लोरी फंगला मिळाले. संघांचे पदक १९९६ साली अटलांटात सुरू झाले, ते स्पेनने घेतले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये जर्मनीची दार्या वारफोलोमेयेव आणि चीनचा संघ यांनी बाजी मारली. आपल्याकडेही ठाण्याच्या संयुक्ता काळेने २०२२ साली पंचकुला येथे झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत पाच सुवर्णपदके मिळवली. याचे कौतुक वाटायलाच हवे.

पण स्पर्धा आली तशी मापेही बदलली. पंच गुण देतात ते दिसण्यावरही. लांब, सडपातळ अंग डोळ्यांना सुंदर दिसते, हलके अंग उंच उडते. मग वजनाचा काटा सरावाच्या खोलीत आला. एके काळी कॉर्सेटने कंबर आवळली जाई, आता उपासाने आवळली जाऊ लागली. २०२० साली स्वित्झर्लंडमध्ये माजी खेळाडूंनी सरावात सोसलेल्या छळाविषयी तोंड उघडले. दालक्रोझ यांच्याच देशात, हे विशेष! २०२२ साली इटलीच्या राष्ट्रीय संघातल्या माजी मुलींनी रोजच्या वजनाबद्दल आणि त्यापायी होणाऱ्या अपमानाबद्दल सांगितले. हे प्रगत देशांतले. आपल्याकडे अशी मुलगी बोलेल तरी कोणाशी?

शरीर काटकसर करते

आता वैद्यकीय बाजू. आपल्या शरीराचा संसार एखाद्या काटकसरी गृहिणीसारखा चालतो. मिळकत कमी आणि खर्च जास्त झाला, की ती आधी अत्यावश्यक नसलेला खर्च थांबवते. मुलगी रोज चार तास सराव करते आणि खाते दोन पोळ्या, तेव्हा मेंदू ठरवतो, की हृदय, फुप्फुस, मेंदू चालू ठेवायचे आणि पाळीचा खर्च तूर्त बंद. मेंदूकडून बीजकोशांना जाणारी आज्ञा थांबते, इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी पडते आणि पाळी येत नाही किंवा आलेली बंद होते.

एवढ्यावर भागले असते तर ठीक होते. पण हेच इस्ट्रोजेन हाडांचे राखणदार आहे. हाडांची बरीचशी शिल्लक वयाच्या अठरा-वीस वर्षांपर्यंत जमा होते. पुढचे आयुष्य त्या शिल्लकीवर काढायचे असते. ऐन जमा करण्याच्या वयात खाते रिकामे राहिले तर नडगीला, पावलाला, कमरेच्या मणक्याला तडे जातात. अपुरे खाणे, बिघडलेली पाळी आणि ठिसूळ हाडे या तिघांची साखळी अमेरिकेतल्या क्रीडावैद्यांनी १९९२ च्या सुमारास दाखवून दिली. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी तिची व्याप्ती वाढवली. प्रतिकारशक्ती, वाढ, हृदय, मनःस्थिती या सर्वांवरच उपासमारीचा परिणाम होतो आणि मुलगेही त्यातून सुटत नाहीत, असे त्यांनी सांगितले.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ग्रीसमधील पात्रास येथील डॉक्टरांनी याच खेळातल्या मुलींची तपासणी करून १९९९ पासून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुली उशिरा वयात येतात, पण त्यांची उंची पुढे भरून निघते, असे त्यांना आढळले. म्हणजे खेळाने मुलगी खुजी राहते ही भीती नको. उड्या मारण्याने हाडे बळकटही होतात. दोष उडीचा नाही, रिकाम्या पोटी मारलेल्या उडीचा आहे.

आणि आपल्या मुलींचे मुळातच काय आहे? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आढळला. अशा पोरींना आणखी कमी खा म्हणून सांगणे हा अविचार आहे.

पालकांनी काय पाहावे?

पहिले, पाळी. तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढ सुरू झाली नाही, पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही किंवा आलेली पाळी सलग तीन महिने चुकली, तर डॉक्टरांना दाखवा. 'खेळाडूंचे असेच असते' हे उत्तर घेऊन घरी बसू नका. औषधाच्या दुकानातून पाळीच्या गोळ्या आणून देऊ नका. गोळीने रक्तस्राव होईल, पण हाडांना खाऊ मिळणार नाही.

दुसरे, ताट. भाकरी-पोळी पोटभर, वरण-उसळ रोज, दूध किंवा ताक. चालत असेल त्यांच्याकडे अंडे. नाचणी आणि तीळ कॅल्शियम देतात. सरावाला जाण्याआधी केळे, येताना शेंगदाण्याची चिक्की, एवढे तरी डब्यात असावे. हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासावे.

तिसरे, दुखणे. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असे हाडाचे दुखणे किंवा मागे वाकताना कमरेत उठणारी कळ पंधरा दिवस राहिली, तर सराव थांबवून तपासणी करावी. मलम चोळून पुन्हा उडी मारायला लावू नये.

चौथे, शिकवणारे. वर्ग पाहायला एक दिवस जाऊन बसा. मुलींचे वजन चारचौघांत होते का, खाण्यावरून टोमणे मारले जातात का, आठवड्यात एक दिवस सुट्टी असते का, एवढे बघा. चांगले प्रशिक्षक पालकांना दार बंद करत नाहीत. आणि कित्येक प्रशिक्षक खरोखर जिवापाड काळजी घेतात, हेही मी पाहिले आहे.

त्या आईला मी सांगितले, खेळ सोडवू नका, उपास सोडवा. तूर्त दोन महिने उड्या बंद. मुलीला रक्त तपासण्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची चिठ्ठी दिली. तिचे वजन यापुढे महिन्यातून एकदा, माझ्या दवाखान्यात, दार लावून होईल, आणि आकडा वाढला तर मी तिला शाबासकी देईन, असेही कबूल केले. मुलगी पहिल्यांदा हसली. पण जाताना दारातून वळून म्हणाली, "काका, वजन वाढलं आणि मॅडमनी संघातून काढलं तर?"

याचे उत्तर माझ्याजवळच्या कुठल्याही औषधात नाही. ते संघ निवडणाऱ्यांनी द्यायचे आहे, आणि ते मागायचे पालकांनी आहे.