उपनगरांच्या रिकाम्या भिंती

मे महिन्यातील शनिवारी सकाळी मार्वेच्या धक्क्यावरून मनोरीकडे निघणाऱ्या फेरीबोटीत पाय ठेवायला जागा नसते. शहराच्या काहिलीला कंटाळलेली कुटुंबे खाडी ओलांडून दोन दिवस समुद्राचा वारा खायला येतात. उलट्या दिशेची वाहतूकही सुट्टीत वाढते. मनोरी-गोराईची मुले आईवडिलांसह ‘मुंबई पाहायला’ निघतात. खरे तर ही गावेही मुंबई महानगरपालिकेच्याच हद्दीतली. पण खाडीपलीकडच्या माणसाला मुंबई म्हणजे चर्चगेटच्या बाजूची, हा समज अजून पुसलेला नाही. राणीची बाग, गेटवे, चौपाटी, भेळ, आणि रात्री थकून परत. या यादीत चित्रप्रदर्शनाला स्थान नसते. मनोरीच कशाला, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या सुशिक्षित घरांतही ते क्वचितच असते.

वास्तविक गेटवेपासून काळा घोडा हाकेच्या अंतरावर आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली उभ्या राहिलेल्या जहांगीर कलादालनात प्रवेशाला एक पैसा पडत नाही. शेजारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. १९२२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या वास्तूच्या आवारात २०१९पासून मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालयही आहे. समोरच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अर्धवर्तुळाकार दालने चढत चढत थेट घुमटाखाली पोहोचता येते. भर दुपारी, सावलीत, जवळजवळ फुकट पाहता येईल असा एवढा ऐवज मुंबईत दुसरीकडे नाही. तरीही माणसे पायरीशी अडखळतात. ‘त्यातले आपल्याला काय कळते?’ हे वाक्य मराठी घरात विनयाने उच्चारले जाते, पण त्यामागे बहुधा संकोच असतो. तीन अंकी नाटकातले न्यून नेमके दाखवणारा, ख्याल रंगला की नाही हे ठामपणे सांगणारा रसिक चित्रासमोर एकाएकी अडाणी होतो.

या संकोचाला कलाक्षेत्रही जबाबदार आहे. बहुतेक खाजगी प्रदर्शनांतील पाट्या, माहितीपत्रके इंग्रजीत असतात, आणि ती भाषा अशी की इंग्रजी जाणणाऱ्यालाही घाम फुटावा. गंमत म्हणजे जहांगीरमध्ये चित्रकार स्वतः चित्रांपाशी बसलेला असतो. दालन मिळण्यासाठी त्याने वर्षानुवर्षे वाट पाहिलेली असते आणि अनेकदा तो कोल्हापूर, नाशिक किंवा कोकणातून आलेला मराठी माणूसच असतो. हा निळा रंग इथे का, एवढे एखाद्या मुलाने विचारले तरी तो अर्धा तास आनंदाने बोलेल. पण विचारायला मूल तिथवर पोहोचले पाहिजे.

खार पश्चिमेला चित्रकार धुरंधर मार्ग आहे. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना महादेव विश्वनाथ धुरंधर आठवतात? १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर जे. जे. कला महाविद्यालयात शिकले, तेथेच त्यांनी आयुष्यभर शिकवले, आणि इंग्रजी अमदानीत त्या संस्थेच्या संचालकपदापर्यंत ते पोहोचले. शिवराज्याभिषेकाचा प्रसंग त्यांनी रंगवला. मुंबईचे रस्ते, बाजार, नाना जातीजमातींच्या स्त्रिया त्यांनी इतक्या बारकाईने टिपल्या की शंभर वर्षांपूर्वीचे नेसणे आणि दागिने आज त्यांच्या चित्रांवरून ओळखता यावेत. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन १९४० साली प्रसिद्ध झाले. २०१८ साली त्यांचे भव्य प्रदर्शन भरले ते काळ्या घोड्यालाच, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात. ज्या उपनगराने त्यांचे नाव रस्त्याला दिले, तेथील रहिवाशाला त्यांचे चित्र पाहायला चर्चगेटची गाडी पकडावी लागली.

एके काळी नेमके उलट होते. कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी खोदली गेली. मंडपेश्वराच्या गुहेत नटराज घडला. महाकाली आणि जोगेश्वरीही आजच्या उपनगरांतच. दक्षिणेकडील बेटे किरकोळ वस्तीची असताना साष्टीच्या या भूमीवर शिल्पकार पिढ्यान्‌पिढ्या छिन्नी चालवत होते. आज याच भूमीवर मुंबईची बहुसंख्य लोकवस्ती आहे आणि चित्र टांगायला सार्वजनिक भिंत नाही. वांद्र्याला बॉम्बे आर्ट सोसायटीची वास्तू आहे, २०२३पासून वांद्रे-कुर्ला संकुलात अंबानींचे सांस्कृतिक केंद्र आहे; पण त्यापलीकडे दहिसरपर्यंत आणि मुलुंडपर्यंतच्या माणसाने काय करावे?

नाटकाच्या बाबतीत उपनगरांनी असे हात बांधून घेतले नाहीत. पार्ल्यात दीनानाथ, बोरिवलीत प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडला कालिदास अशी नाट्यगृहे उभी राहिली, कारण प्रेक्षकांनी ती मागितली. चित्रांसाठी तशी मागणी कधी झालीच नाही. नव्या इमारतीची वाट पाहण्याचेही कारण नाही. मध्यंतरात बटाटेवड्याची बशी हातात धरून शेकडो माणसे या नाट्यगृहांच्या सज्जांत पंधरा मिनिटे उभी असतात आणि समोर जाहिरातींचे फलक पाहतात. येत्या सुट्टीत महापालिकेने त्या भिंती कला महाविद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना महिनाभर द्याव्यात, चित्राखाली मराठीत चार ओळी लिहाव्यात आणि दिवसा दारे उघडी ठेवावीत. मनोरीच्या मुलाला मग मालाडहून दोन स्थानके पुढे, कांदिवलीच्या पलीकडे बोरिवलीपर्यंतच जावे लागेल.