सुटीचा हक्क आणि किनाऱ्याची जमीन

मे महिना जवळ आला की मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांतून एक बेत हमखास शिजू लागतो : मुलाबाळांना घेऊन चार-आठ दिवस कोकणात, समुद्रकाठच्या एखाद्या कौलारू घरात जाऊन राहावयाचे. या बेताकडे आपल्यातले काही कार्यकर्ते किंचित तुच्छतेने पाहतात. विश्रांती ही जणू सुखवस्तूंची चैन! ही समजूत इतिहासाला धरून नाही. पगारी सुटी हा श्रमिकांनी झगडून मिळविलेला हक्क आहे. १९३६ साली फ्रान्समध्ये लेआँ ब्लूम यांच्या लोकआघाडीच्या सरकारने कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता अशी कुटुंबे त्यानंतर किनाऱ्यावर दिसू लागली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील २४ वे कलम नेमके याविषयी आहे. त्याच वर्षी आपल्याकडे झालेल्या कारखाना कायद्याने, वर्षात २४० दिवस भरणाऱ्या कामगारास कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मान्य केली. घरकाम करणाऱ्या बाईला व बांधकामावरच्या मजुराला ती आजही मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

गिरणगावातल्या कोकणी कामगाराची रजा मात्र समुद्र पाहण्यात जात नसे. मृग लागण्याच्या आत घर शाकारावयाचे, लाकूडफाटा भरावयाचा, कुंपण घालावयाचे आणि परत साच्यावर उभे राहावयाचे, अशी त्याची सुटी होती.

तेव्हा सुटीविषयी तक्रार नाही. प्रश्न आहे तो सुटीच्या घराखालच्या जमिनीचा.

अलिबाग तालुक्याचेच उदाहरण घेऊ. याच तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची शेती कसावयाचे नाकारले, व तो संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे उपासमार सोसून आपल्या हक्काच्या जमिनी पडीक ठेवणे म्हणजे काय, याची कल्पना आज करवत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. आणि कूळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ हा 'कृषकदिन' ठरून कसणारा मालक झाला.

गेल्या हिवाळ्यात मुलगी, जावई व दोन नातवंडे यांच्यासह आम्ही याच तालुक्यातील एका गावी पाच दिवस राहिलो. घर एका आगरी कुटुंबाचे. पडवीलगतच्या दोन खोल्या ते पाहुण्यांना देतात. शेजारच्या उंच भिंतीआड मुंबईच्या एका गृहस्थांचा बंगला आहे. आमचे यजमान सकाळी दोन तास त्या बंगल्याची राखण करतात व हिरवळीला पाणी घालतात. ती जमीन त्यांच्याच वडिलांची, कूळकायद्याने मिळालेली. एका आजारपणाच्या कर्जापायी तो तुकडा वीस वर्षांपूर्वी विकावा लागला. "सर, आमचीच जमीन राखायला आता आम्हाला पगार मिळतो," असे ते हसत म्हणाले. त्या हसण्यात कडवटपणा नव्हता, आणि तेच मला अधिक टोचले. बंगल्याच्या विंधनविहिरीमुळे यांच्या आडाचे पाणी मार्च उजाडताच मचूळ होते, असे त्यांच्या पत्नीने आमच्या सौभाग्यवतींना सांगितले. बंगल्याचे मालक वर्षातून पंधरा-वीस दिवस येतात. एरवी कुलूप.

अशेतकऱ्याने शेतजमीन विकत घेऊ नये, असा निर्बंध १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमात आहे. पण आधी जमीन बिनशेती करून घेतली, किंवा राज्यात अन्यत्र एखादा तुकडा नावावर असला, की निर्बंध उरत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवीन काही नाही. रिकार्डोने १८१७ साली खंडाचा सिद्धांत मांडला, व पुढे जॉन स्टुअर्ट मिल यांनी जमिनीच्या अनर्जित मूल्यवाढीवर कर बसविण्याची मागणी केली. अलिबागच्या जमिनीचे मोल बंगलेवाल्याच्या घामाने वाढलेले नाही. २०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. हे सारे सार्वजनिक पैशाने झाले. वाढलेले मोल मात्र ज्याच्या नावे सातबारा त्याच्या खिशात. भरीस भर म्हणून १९९१ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ठेवलेला निर्बंधपट्टा, २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांपुरता ५० मीटरवर आणला. कोळ्यांची घरे कायदेशीर व्हावीत हा त्यातील रास्त भाग. पण मोकळी झालेली जागा कोळीच घेईल, याची तजवीज कोणी केलेली नाही.

संकटाच्या वेळी हे अधिक उघडे पडते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरुड पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती येईपर्यंत पाच-सात वर्षे जातात. तेवढा काळ खावयाचे काय? अशा वेळी दारात उभा राहिलेला जमिनीचा दलाल देवदूतच वाटणार.

वेल्समध्येही हाच प्रश्न आहे. तेथील किनाऱ्यावरची घरे इंग्रज शहरवासी सुटीसाठी विकत घेतात आणि गावातल्या तरुणांना घर मिळत नाही. तेथील नगरपालिकांना २०१७ पासून दुय्यम घरांवर दुप्पट कर आकारण्याची मुभा मिळाली. २०२३ पासून अधिभाराची मर्यादा ३०० टक्क्यांवर नेली. ग्विनेद परगण्याने १५० टक्के अधिभार लावला. आपल्या घरपट्टीत बांधकाम पाहतात, वापर निवासी की व्यापारी हे पाहतात. कुलूप पाहत नाहीत.

सुटीला जाणाऱ्याने मुक्काम करावा तो गावकऱ्याच्या घरी. न्याहारी-निवासाची सरकारी योजना आहे, पण तिचा लाभ पडवी भाड्याने देणाऱ्यापर्यंत पोहोचावयास कार्यकर्त्यांनी कागदपत्रांची मदत केली पाहिजे. यातही घरातली बाई पहाटे पाचला उठून आमच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या थापते, हे खरेच. माझ्या लेकीची विश्रांती तिच्या श्रमावर उभी होती. म्हणून नोंदणी व बँकेचे खाते तिच्या नावे असावे, हा आग्रह धरावा. आमच्या यजमानांकडे ते तसे होते, आणि दर ठरविताना शेवटचा शब्द तिचाच होता.

बंद घरांवरील अधिभारासाठी १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात दुरुस्ती लागेल व ती मुंबईतच होईल. परंतु मोजणीला कोणाची परवानगी लागत नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात किती बंगले आहेत, त्यांपैकी किती वर्षातून महिनाभरही उघडत नाहीत, त्यांच्या विंधनविहिरी किती आणि लगतच्या किती आडांचे पाणी मचूळ झाले, एवढी यादी आपल्या शाखांनी पावसाळ्यापूर्वी तयार करावी, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे ठेवावी.